मडगार्डवरची जागा

चार बाया जमल्या की लेकरांच्या दातांच्या गोष्टी निघतात. माझ्या मात्र ट्रॅक्टरच्या! लग्न होऊन आंधळगावला आले, तेव्हा वाटलं नव्हतं की बी.ए. झालेल्या बाईजवळ पाच वर्षांत एका मडगार्डचे एवढे किस्से साठतील.

आमच्याकडे ट्रॅक्टरवर बसायचं ते मडगार्डवरच. हे चालवणार, उजव्या मडगार्डवर मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि डाव्यावर मी, मांडीत तीन वर्षांची छबी. एकदा भंडाऱ्याला जाताना डावं मडगार्ड आम्हा दोघींसकट हललं! घरी येईपर्यंत मी छबीला इतकं आवळून धरलं, की तीच म्हणाली, "आई, सोड ना!"

मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "हालते म्हणूनच टिकते, सूनबाई. जे हालत नाही, ते मोडते!"

हे तत्त्वज्ञान बी.ए.ला नव्हतं.

*

दुसऱ्याच दिवशी यांनी दुरुस्ती केली. मडगार्ड एकदम गप्प! मी खूश. संध्याकाळी चप्पल घालायला गेले, तर एकीची टाचच गायब.

"मडगार्डखाली रबर पाह्यजे होतं," हे म्हणाले.

"मग तुमची काहून नाही कापली?"

"माही नवीन आहे ना!"

*

ती टाच आठ दिवसांत झिजली. शेवटी मीच मडगार्डखाली डोकं घातलं. बोल्टांची भोकं चार, बोल्ट दोन! कुलूप लावून तीनदा ओढून पाहणारी बाई मी. तेव्हा बोल्टही तीनदा मोजले. दोनच.

"बाकीचे दोन कुठं गेले?"

"एक नांगराले लावला," हे म्हणाले, "अन् दुसरा छबीच्या पाळण्याले. तूच तं म्हणे, पाळणा हालून राहिला म्हणून!"

*

मग वरठीहून सायकलवर मिस्त्री आले. त्यांनी मडगार्ड खोललं. मडगार्ड धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटची भोकं झिजून लांबोळी झालेली, धक्के सोसणाऱ्या रबरी बुशांचा भुगा. "नुसते बोल्ट टाकून फायदा नाही. ब्रॅकेटच बदलवा लागते," ते म्हणाले. नवे ब्रॅकेट, नवे बुश, चारही बोल्ट नवे!

"आता लेकरू बसलं तर चालेल ना?" मी पाच वेळा विचारलं. सहाव्यांदा त्यांनी पाना माझ्याच हातात दिला. "घ्या बाई, तुमीच कसून पाहा!"

मी सगळा जोर लावला. बोल्ट तसूभर फिरला नाही.

"झालं समाधान?"

"नाही हो. माझ्या जोराचा काय भरवसा!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी धान तोलायचा काटा काढला. एका पारड्यात छबी बसवली, दुसऱ्यात पारडी सारखी होईपर्यंत धान टाकलं. ते धान गोणीत भरलं, गोणी मांडीवर घेतली आणि स्वतः डाव्या मडगार्डवर जाऊन बसले. "चाल रे," यांना म्हणाले, "खड्ड्याखड्ड्यानं घे!"

मी छबीला कडेवर घेऊन दारात उभी. ट्रॅक्टर पांदणीच्या कच्च्या वाटेनं गेला, आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या फेरीला शेजारच्या गोविंदाला राहवेना. तो ओरडला, "काहून जी बाबा, गोणी मांडीवर घेऊन कायले फिरून राहिले?"

"गिरणीवर नेऊन राहिलो."

"गिरणी तं मागंच राहिली!"

मामाजींनी गोणी छातीशी आणखी घट्ट धरली.

"हळू बोल ना बे! झोपली आहे."