पलंगावरची पुस्तकं

आमच्या आतल्या खोलीत एक पलंग आहे, हे सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरात सगळ्यांना आठवलं. सात वर्षं त्यावर माझी पुस्तकं पसरली होती. एखाद-दुसरं असेल तर मी ते मेथीच्या जुडीखाली घालून घरी आणते. जवळच्या सिल्व्हर पार्क नाक्यावर पुस्तकांचा सेल लागला की ‘नुसती बघून येते’ म्हणून चालत जाते आणि खोकं घेऊन रिक्षाने परत येते. वाचायचं मात्र राहून जातं.

सासूबाई रविवारी येणार, म्हणून पलंग शनिवारी रिकामा करायचा असं मी ठरवलं होतं. हॉस्पिटलने त्यांना शुक्रवारीच सोडलं. वॉकर टेकत त्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, पलंग बघितला आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. नवरा रद्दीवाल्याकडून गोण्या घेऊन आला.

सासूबाईंनी पहिलं पुस्तक उचललं. “हे वाचलंस?”

“हो.”

“मग आता कशाला? घाल गोणीत.”

दुसरं वाचलं नव्हतं, तसं सांगितलं.

“सात वर्षांत वाचलं नाहीस, आता काय वाचणार? घाल.”

म्हणजे काहीही सांगितलं तरी गोणीच. पाय सुजलेला, कधी एकदा आडवी होतेय असं झालेलं, त्यामुळे त्यांचा हात भराभर चालत होता. तिसऱ्या गोणीला मला अक्कल सुचली.

“हे वाचतेय,” मी म्हटलं.

ते त्यांनी गोणीऐवजी बाजूला ठेवलं. मग मी एका वेळी सव्वीस पुस्तकं वाचत असल्याचं निष्पन्न झालं. ती खिडकीत रचली आणि सासूबाई एकदाच्या आडव्या झाल्या.

संध्याकाळी चहानंतर हाक आली. “काय वाचतेयस ते सांग बघू.”

पुढचे दीड महिने त्या गुडघा वाकवायचा व्यायाम करायच्या आणि मी शेजारी बसून गोष्ट सांगायची. थापा मारून बघितल्या. “तो काल मेला ना?” म्हणून त्यांनी पकडलं. शेवटी कुकरसमोर उभी राहून खरोखर वाचायला लागले. निम्मी पुस्तकं भिकार निघाली. ती मी आपणहून रद्दीत घातली.

त्या रत्नागिरीला परत निघाल्या तेव्हा एक कादंबरी अर्धी राहिली होती. खून कोणी केला ते दोघींनाही माहीत नव्हतं. सासूबाईंनी ती सरळ स्वतःच्या पिशवीत टाकली.

“तुझ्याकडे आहेत की अजून,” म्हणाल्या.

त्यांची गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आत मी फोनवर दुसरी प्रत मागवली.