चार वाजताच्या मोटारी

आमच्या पळसदेवात कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला कळायचं आणि कुणाच्या मोटारीत काय बिघडलंय हे कुंडलिकला. दोघांचंही पोट कानांवर. फरक एवढाच की मी ऐकलेलं चौपट करून सांगायचो आणि तो ऐकलेलं दुरुस्त करून द्यायचा.

उजनीचं पाणी गावाला लागूनच. काठाकाठानं शे-दीडशे मोटारी बसलेल्या, तिथून पाइपलाइनी निघतात त्या दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर उसापर्यंत जातात. पाणी मागं सरलं की मोटार पुढं न्यायची, पाणी चढलं की मागं ओढायची. या ओढाताणीत त्या बिघडतात आणि बिघडल्या की माणसं कुंडलिकच्या दारात. तो हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायचा. टोक चालत्या मोटारीच्या अंगावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आजूबाजूची माणसं श्वास धरून उभी. मग निकाल. "मागचं बेअरिंग गेलं. पुढचं अजून पंधरा दिस काढंल." पंधरा म्हणजे पंधरा, सोळावा दिवस त्या बेअरिंगनं कधी बघितला नाही.

सोमनाथच्या सासूला एकदा छातीत धडधडायला लागलं. मी म्हणालो, "इंदापूरला कशाला न्यायची? कुंडलिकरावांना बोलवा, स्क्रू ड्रायव्हर लावून सांगतील कुठलं बेअरिंग गेलं ते." सोमनाथ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. सासू मात्र हसली, आणि अजून आहे.

कुंडलिक मोटारी ऐकायचा ते नुसतं पोटासाठी असं नव्हतं. त्याचा जीवच आवाजात होता. पाइपाच्या शेवटच्या तोंडातून पाणी येण्याआधी हवा सुटते. आधी लांब सुस्कारा, मग ठसके, मग एकदम गप्प, आणि मग भडाभडा पाणी. त्याला सगळ्यात जास्त आवडायचं ते मधलं गप्प. म्हणायचा, "तात्या, आमच्या माळावर पयल्यांदा पाइप आली तवा आय तिच्या तोंडाशी जाऊन बसली. हवा सुटली, ठसकली, अन् गप झाली. आय म्हणली, गेलं रं, न्हाय येत आता. अन् तेवढ्यात पाण्यानं तिला पदरासकट भिजवली. ती रडत हुती का हसत हुती, त्ये मला आजून कळलं न्हाय." धरणात जुनं गाव गेलं तेव्हा त्यांच्या वाट्याला हा खडकाळ माळ आला होता. पाणी त्यांच्या घरावर उभं राहिलं ते एका पावसाळ्यात. माळावर यायला त्याला पंधरा वर्षं लागली.

दुसरा आवाज तुळसाचा, त्याच्या बायकोचा. विहारात रविवारी सकाळी वंदना व्हायची. सगळे एका लयीत, तुळसा मात्र अर्धा शब्द पुढं. मी रस्त्यावरून जाता जाता ऐकायचो आणि दुपारी चिडवायचो, "वहिनी, सोलापूरची गाडी गाठायची हुती का?" ती पदर तोंडाला लावून हसायची. कुंडलिक म्हणायचा, "जाऊ द्या की तात्या. समदी एकदम म्हणाली तर त्यात ही हाय का न्हाय, मला कसं कळायचं?"

आणि तिसरा आवाज चार वाजताचा. दर उन्हाळ्यात शेतीची लाइट दुपारी चारला यायची. गावातली लाइट वेगळी आणि शेतीची वेगळी, त्यामुळे समाधानच्या हॉटेलात पंखा गरगरत असला तरी काठाच्या मोटारी मेल्यासारख्या पडून असायच्या. समाधानचं हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि न पुसलेला टीव्ही; पण पाणी समोर. चार वाजता लाइट आली की काठावर एकेक मोटार आपोआप उठायची, कारण सगळ्यांनी ऑटो बसवलेले. कुंडलिक डोळे मिटून बसायचा आणि नावं घ्यायचा.

"ही सोमनाथरावांची. घसा बसलाय. ही ठमाबाईंची, उठताना कण्हती, पण एकदा उठली की थांबत न्हाय, मालकिणीवानी. ही जोतीरामची, खाती जादा अन् वढती कमी."

"मालकावानी," मी म्हणायचो आणि बाकडी हसायची. त्या यादीवर माझा प्रपंच चालायचा. कुणाची मोटार दोन दिवस उठली नाही, कुणाची भावाच्या पाळीत चालली, सगळं मला तिथं फुकट मिळायचं.

गेल्या दिवाळीपासून तुळसा त्याच्याबरोबर कामावर जायला लागली. साठीच्या घरात नवरा-बायको जोडीनं हिंडायला लागली की गावाला काहीतरी वेगळंच वाटतं, आणि ते वेगळं मी आणखी वेगळं करून सांगितलं. पण माझी नजर बारीक. एके दिवशी सोमनाथच्या मोटारीपाशी बघितलं. कुंडलिकनं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मात्र उघडे ठेवले. ते तुळसाकडे. तिची मान थोडी कलली, पदराखाली हात हलला, दोन बोटं दिसली. "मागचं बेअरिंग," कुंडलिक म्हणाला. मी मागून हाक मारली. दुसरी मारली. तिसरीला तुळसानं वळून बघितलं, त्यानं नाही.

त्याच संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली. आजवर कधी आली नव्हती.

"तात्या, तुमी बगितलंय ते मला ठाऊक हाय."

"काय बगितलं वहिनी?"

"वेड पांघरू नका. त्यांचा कान गेला. डावा पयल्यांदा, आता उजवाबी. मी ऐकते अन् त्ये करत्यात. कुणाची मोटार बिघडवली न्हाय आमी. माणसांना कळलं तर त्ये घरातनं भाईर पडायचे न्हाईत. तुमच्या पाया पडते, कुणाला बोलू नगा."

"बोलणार न्हाय," मी म्हणालो. "शप्पत."

आणि शपथ मी पाळली. आठ दिवस पाळली. समाधान चहा ओतताना ओठांवर यायचं, गिळायचो. मला नुसतं विचारता आलं असतं कुंडलिकला, बाबा रे, कसं चाललंय. पण तसं विचारून गोष्ट होत नाही, आणि मला गोष्ट हवी होती. शपथ होती बोलणार नाही अशी. दाखवणार नाही असं मी म्हणालोच नव्हतो.

नवव्या दिवशी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की सबस्टेशनात काम आहे, शेतीची लाइट पाचला येईल. कुंडलिककडे साधा फोन, तोही तुळसाच्या पिशवीत. त्यावर असले निरोप येत नाहीत. पावणेचारला दोघं हॉटेलात आली. मी म्हणालो, "वहिनी, मोनालीचा फोन आला हुता मला. तुमचा लागत न्हाय म्हणती. हितं रेंज न्हाय, रोडवर जाऊन लावा." मोनाली त्यांची लेक, बारामतीला दवाखान्यात नर्स. आईला एवढं बास. तिनं नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गेली.

समाधाननं टीव्ही बंद केला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

काठ गप्प होता. उन्हाचा असतो तसला जड गप्पपणा. लांब हायवेवर एक ट्रक गिअर बदलत होता तेवढंच. कुंडलिकनं घड्याळाकडे नजर टाकली, चहाचा एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"ही सोमनाथरावांची," तो म्हणाला.

सोमनाथ माझ्या शेजारीच. त्यानं मला कोपरानं ढोसलं आणि रुमाल तोंडात कोंबला. समाधान गाळणी हातात घेऊन तसाच उभा, खांदे हलताहेत. मी तर मांडीवर थापा मारत होतो.

"ही ठमाबाईंची. ही जोतीरामची. आज बरी हाय की. मी बूश घातला न्हवं का परवा."

जोतीराम दारात उभा होता. तो हसला नाही.

"सोमनाथराव, तुमची हवा घेतीया बगा. पाणी मागं गेलंय, पाण्यातल्या टोकाचा फूटव्हॉल उघडा पडला आसंल. उद्या येतो सकाळी, घालू पुढं."

सोमनाथनं रुमाल काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला. कारण ते खरं होतं. पाणी खरंच दोन दिवसांत मागं गेलं होतं, आणि मोटार उठली असती तर खरंच हवा घेतली असती. कुंडलिक न ऐकता बरोबर सांगत होता. कोण कधी उठणार, कोण कण्हणार, सगळं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं वाजत होतं. एवढा खूश चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. अकरा मोटारी झाल्या. थांबवावं असं प्रत्येकाला वाटलं असणार, पण थांबवायचं तर अंगाला हात लावायला हवा होता, आणि कुणाचा हात उठेना. माझाही.

तुळसा शेडच्या कडेला येऊन उभी राहिली होती. हातात फोन. तिनं ऐकलं, आणि काठाकडे बघितलं. मग येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे, मग आमच्या तोंडांकडे बघितलं. वर पंखा फिरत होता, तोही बघितला. मग वळून काठावरच्या पाइपांकडे बघत राहिला.

"लाइट न्हाय," तुळसा म्हणाली. हळूच म्हणाली, पण ओठ नीट हलवून.

त्यानं ग्लासातला चहा संपवला. ग्लास खाली ठेवला, दुसऱ्यांना अडचण होऊ नये म्हणून जरा आत सरकवला आणि उठला. जाताना तुळसानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं शिवी दिली असती तर आज मला चार माणसांत सांगायला काहीतरी असतं.

मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत काटेवाडीच्या पाहुण्यांनासुद्धा कळलं. माणसं वाईट वागली नाहीत. सोमनाथ दुसऱ्या दिवशी स्वतः बोलवायला गेला, म्हणाला, "तुमी दोघं मिळून करा की, आमचं काय बी म्हणणं न्हाय." तुळसानं दार उघडलं होतं; कुंडलिकनं पुढं येऊन हात जोडले, आणि दार लावून घेतलं. मग मोटारी इंदापूरला जायला लागल्या. तुळसानं एकदा एकटीनं स्क्रू ड्रायव्हर उचलला तर त्यानं तो तिच्या हातातून काढून घेतला. भांडण झालं नाही. भांडण व्हायचं तर दोघांनाही ऐकू यायला हवं ना.

मोनालीनं त्याला बारामतीला नेऊन कानाचं यंत्र बसवून आणलं. मला वाटलं, सुटलो. तो रविवारी विहारात गेला, मागं बसला. वंदना सुरू झाली. बायकांनी नंतर सांगितलं ते असं की तुळसा त्या दिवशी मुद्दाम मोठ्यानं म्हणत होती, अर्धा शब्द पुढं. त्यानं ऐकलं, आणि मध्येच यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकलं. घरी तिला म्हणाला, "पत्र्यावर पत्रा घासल्यावानी येतंय सगळं. त्यात तू कुठंच न्हाईस." ते यंत्र परत कानात गेलं नाही.

दोन महिने मी त्यांच्या गल्लीनं गेलो नाही. माझी म्हातारी म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या दारात बसलात, आता एका दारात बसायला पाय जड झाले व्हय?" गेलो. चारचा सुमार. तो अंगणात खाटेवर, पाण्याकडे तोंड करून. तुळसा उंबऱ्यात, सुपात हुलगे घेऊन पाखडत. तिनं मला पाणी विचारलं नाही, जा पण म्हणाली नाही.

माफी मागायला गेलो होतो. पण बहिऱ्या माणसाची माफी ओरडून मागावी लागते. सगळा जन्म कुजबुजीवर काढलेला माणूस मी, "चुकलं!" असं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खाटेवर त्याच्या शेजारी बसलो.

तोच म्हणाला, "तात्या, त्या दिशी मागनं लाइट आली तवा पयली कुणाची उठली?"

मी मान हलवली. कुणाच्याच लक्षात नव्हतं. आम्ही तोंडं लपवत घरी गेलो होतो.

"आज सांगा," तो म्हणाला.

चार वाजले. काठावर घरघर सुरू झाली. मी त्याच्या कानाशी वाकून ओरडलो, "आली!"

"कुणाची?"

मी काठाकडे बघितलं. अंगणातून कुठली मोटार उठली ते दिसत नाही. "सोमनाथची!" ओरडलो. अंदाजानं.

"कशी वाजतीया?"

मी ऐकायला लागलो. आधी एक घरघर होती, मग तिच्यात दुसरी मिसळली, तिसरी, आणि मग सगळी मिळून एकच. कुणाच्या सुनेनं कुठल्या सुरात सासूला काय म्हटलं ते मी चाळीस वर्षांपूर्वीचंसुद्धा नकला करून सांगतो. पण समोरचं हे वाजत होतं त्याबद्दल माझ्याकडे एक शब्द नव्हता.

"चांगली!" मी ओरडलो.

तो माझ्या ओठांकडे बघत वाट पाहत राहिला, पुढं काही येईल म्हणून. मग पाण्याकडे वळला.

मागं उंबऱ्यात तुळसाचं सूप पाखडता पाखडता थांबलं. तिनं मान थोडी कलती केली, कुठल्यातरी मोटारीला. क्षणभर वाटलं, ती उठेल, येऊन त्याच्यासमोर उभी राहील, बोटांनी सांगेल. त्याची तिच्याकडे पाठ होती.

तिनं मान सरळ केली आणि हुलगे पाखडायला लागली.