कानवाला नट आणि काकूंचा शनिवार

ग्यारेजात कोणतीही गाडी खोलून परत जोडली, की दोन-चार नट उरतातच. गाडी मस्त चालते, तरी नट उरतात. कुठले, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आमच्या नागपूर रोडवरच्या ग्यारेजातले किस्सेही असेच उरलेले. डबा भरला आता, म्हणून जरा ओततो.

ग्यारेज माझं, पण नावापुरतं. गुडघे गेल्यापासून मी खुर्चीवर बसून चहा पितो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चिडवतो. काम करतात गजानन आणि ज्ञानेश्वर. गजानन पांढुर्ण्याचा, ज्ञानेश्वर जाम नदीच्या पलीकडचा, सावरगावचा. त्यात ज्ञानेश्वरची बहीण गजाननला दिलेली. म्हणजे एक भाऊजी, एक साळा, आणि मध्ये नदी, जिच्या दोन काठांवरून ही दोन गावं दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांना गोटे मारतात! एकानं पाना मागितला तर दुसरा पक्कड देणार. माझा बीपी या दोघांच्या भांडणावरच नॉर्मल राहतो.

*

मागच्या हिवाळ्यात संत्र्याचे व्यापारी मधुकाका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक लाल गाडी घेऊन आले. जुनी, विलायती, रेसवाली, वरून उघडी. बसायला दोनच सीटा. वर्षानुवर्षं गोदामात झाकून ठेवलेली. इंजिन काका अधूनमधून चालू करायचे, पण चारही टायर सडलेले. नवे टायर नागपूरहून आलेच होते. चाकं काढायची, टायर चढवायचे, बस.

गजानन पाना घेऊन चाकापाशी बसला आणि बसूनच राहिला. चाकाला नेहमीचे नट नव्हतेच. मधोमध एकच मोठा चकचकीत नट, आणि त्याला दोन कान. पाना लावायला जागा नाही. कानावर ठोकूनच फिरवायचा. तोही आतून गंजून असा बसलेला, जसा सासुरवाडीत आलेला जावई.

"काका, हा नट हाये का पंखा?" गजाननने विचारलं.

काका म्हणाले की असा नट आता कुठं मिळत नाही, लोखंडी हातोडी लावाल तर हातोडीसकट ठाण्यात नेईन. तेवढ्यात मागून सुशीलाकाकू आल्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण काकांनी या बाईला त्या गाडीत एकदाही बसवलं नव्हतं. कधी ऊन फार, कधी पेट्रोल नाही, कधी रस्ता खराब. काकूंनी सगळ्यांसमोर निकाल दिला.

"येत्या शनिवारी जामसांवलीच्या मारुतीले मी याच गाडीत बसून जाणार. नाही तर रविवारी कबाडी गाडी भंगारात न्याले येऊन राहिला. सांगून ठेवलं मी त्याले."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. मग काकाही थांबले.

*

हातोडी आणि नटाच्या मध्ये काही तरी मऊ पाहिजे, असं ठरलं. बारदान लावलं, काकांना पटेना. शेवटी ते घरी जाऊन स्वतःच्या पलंगावरची उशी घेऊन आले आणि नटावर धरून बसले. ज्ञानेश्वरनं पहिला घाव घातला, उशी दबली. दुसरा घातला, उशी फाटली. तिसऱ्या घावाला ग्यारेजभर कापूसच कापूस! काकांच्या मिशीत कापूस, माझ्या चहात कापूस.

रस्त्यावरून एक गाडीवान कापसाची बंडी घेऊन बाजाराला चालला होता. थांबला, आत डोकावला, चिमूटभर कापूस उचलून बोटात चोळून पाहिला आणि विचारलं, "काय भाव देऊन राहिले?"

*

मग गजाननला शिशाची हातोडी सुचली. शिसं मऊ असतं, नटावर ओरखडा येत नाही. भंगारातून शिसं आणलं, वितळवलं, रिकाम्या डब्यात ओतलं, मधे दांडा खुपसला. हातोडी झकास झाली. पाळीपाळीनं दोघांनी दुपारभर ठोकलं. नट जागचा हलला नाही, पण हातोडी मात्र दर घावाला पसरत गेली. संध्याकाळी तिचा पार पापड झाला होता.

काकू रोज संध्याकाळी चौकशीला यायच्या. त्यांनी हातोडी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि काकांकडे पाहून म्हणाल्या, "नटाले काही झालं नाही. ठोकणाराच म्हातारा झाला."

काका त्या दिवशी चहा न पिताच गेले.

*

पुढची युक्ती मोबाइलवर सापडली. बाभळीची जाड फळी घ्यायची, तिच्यात नटाच्या आकाराचा खड्डा कोरायचा, नटाचे कान त्यात बसवायचे आणि फळीला लांब पाइप लावून जोर द्यायचा. ठोकाठोकी नाही, ओरखडा नाही. काकांनाही पटलं.

पण सुताराला माप कसं द्यायचं? काका खडूसुद्धा लावू देईनात. तेव्हा मी काकूंकडून मळलेली कणीक मागवली, नटावर दाबली आणि सुरेख ठसा काढून सुताराकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी फळी आली. बाभूळ पक्की, कोरीव काम नक्षीदार. पण कान एकच! कणकेतला दुसरा कान रात्री सुताराच्या बकरीनं खाल्ला होता.

सुताराला जाब विचारला, तर तो बिचारा आमच्यावरच तापला. "मले वाटलं विलायती माल हाये. असन त्यायच्याकडे एका कानाचा."

*

दुसरी फळी दोन कानांची आली. ती लावून गजाननने डावीकडची दोन्ही चाकं काढली. आपण रोज नट सोडतो त्याच दिशेनं जोर दिला, 'कटाक्' असा आवाज झाला आणि सुटलं. मग काय, गजानन कॉलर वर करून फिरायला लागला.

उजवीकडची दोन चाकं ज्ञानेश्वरकडे. त्यानंही त्याच दिशेनं जोर दिला. नट हलेना. पाइपवर लोंबकळला. पाइप वाकला, नट नाही. गजाननने सुरू केलं, की सावरगाववाल्यांच्या मनगटात जोरच कमी, नदीचं पाणी पाजा याला. सगळ्या ग्राहकांसमोर.

ही बातमी त्याच संध्याकाळी गजाननच्या घरी, म्हणजे ज्ञानेश्वरच्या बहिणीकडे पोचली. पोचवली मीच, उगाच खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी गजाननच्या डब्यात तीन भाकरी होत्या आणि भाजीच्या वाटीत एक चिठ्ठी: 'जोर असन तं कोरडी खा.'

*

ज्ञानेश्वर मात्र पेटला होता. "भाऊजी जिकडं फिरवते, तिकडं मी मेलो तरी फिरवत नाही," म्हणाला आणि निव्वळ रागानं फळी उलट्या दिशेला ओढली. कटाक्! पुढचं चाक सुटलं.

गंमत अशी, की त्या गाडीच्या उजव्या बाजूच्या नटाचे आटे उलटेच असतात. डावीकडचा नट डावीकडे फिरवून सुटतो, तर उजवीकडचा उजवीकडे. म्हणजे इतका वेळ ज्ञानेश्वर नट सोडत नव्हता, कसत होता. मी मनात म्हटलं, विलायतेतही मध्ये एखादी नदी असावी.

पण गजानन ऐकेल तर शपथ. शेवटच्या चाकावर त्यानं कब्जा केला. "एक लागला म्हणून नेम होत नाही," म्हणाला आणि आपल्याच दिशेनं कसत सुटला. शुक्रवारची दुपार झाली. ज्ञानेश्वर ओरडून सांगतोय उलटं फिरवा, तसतसा गजानन आणखी जोरानं कसतोय. काका कपाळाला हात लावून बसलेले. कबाडी येऊन गाडीला एक चक्कर मारून गेला होता.

तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. गजाननच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं, "गजा, ज्ञानेश्वर कबूल झाला गा. आता बाहेर म्हणून राहिला होता, का भाऊजीचीच दिशा बरोबर हाये, मी उगाच अडून बसलो."

गजानन थबकला. साळ्याकडे पाहिलं. ज्ञानेश्वर तिकडं गुपचूप तंबाखू मळत होता.

"एवढ्या सहज कबूल झाला?" गजानन पुटपुटला. "काही तरी डाव हाये याचा."

आणि त्यानं फळी काढून उलटी लावली. कटाक्!

*

शनिवारी सकाळी गाडी धुऊन, हार घालून उभी. काकू नवं लुगडं नेसून हजर. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरापूर्वीच झालेलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केलेली. तेव्हा स्टिअरिंगवर गजानन. सीटा दोनच. दुसऱ्या सीटवर कोण, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. काका काळा चष्मा लावून ज्ञानेश्वरच्या मोटरसायकलवर मागं बसले. मी माझ्या पुतण्याच्या गाडीवर, तमाशा चुकवायचा नाही म्हणून.

अख्ख्या रस्त्यानं लोक वळून पाहत होते. काकू मान ताठ ठेवून बसलेल्या. धूळ सगळी काकांच्या तोंडावर.

जामसांवलीला पोचलो. काका लगबगीनं उतरून गाडीपाशी आले, नारळ पुढं केला आणि चला म्हणाले. काकूंनी बसल्या जागेवरूनच मंदिराकडं हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि नारळ काकांच्याच हातात परत दिला. तुम्हीच फोडून या म्हणाल्या.

काका आत गेल्यावर मी जवळ जाऊन म्हटलं, "काकू, एवढं मारुतीसाठी आल्या, अन् खाली उतरल्या नाही?"

"देवाले समजते सारं," काकू म्हणाल्या. "मी उतरली का हे बसतीन."