आपटेकरांची चाल

भाद्रपद सरताना ऊन कलतं होई, खालच्या गिरणीतल्या ताज्या पिठाचा ऊबदार गंध जिन्यातून वर चढे, आणि त्याच्या मागोमाग पप्पांची पावलं वाजत येत : फट्, फट्, फट्. पनवेलच्या आमच्या गल्लीत घड्याळापेक्षा त्या आवाजावर लोकांचा भरवसा अधिक. पाताळगंगेकाठचं आपटा हे आमचं मूळ गाव. कोकणातल्या इतर बेने इस्रायली ज्यूंसारखं आम्हीही गावाला 'कर' जोडून आडनाव केलेलं. पाय आपटण्यावरून कुणी टोकलं, की पप्पा ऐटीत म्हणत, "आपटेकर आम्ही, आपटणारच!" शाळेत बाईंनी "एवढा कसला राग गं?" असं विचारलं, तेव्हा मीही हेच उत्तर देऊन तासभर वर्गाबाहेर उभी राहिले होते.

पप्पा गेले, तो जिनाही सुटला; लग्नानंतर विचुंब्याच्या नव्या इमारतीत मी लिफ्टनं वर-खाली करू लागले. गेल्या वर्षी माझी नऊ वर्षांची नेओमी खो-खो खेळताना वरचेवर घोटा मुरगळून पडू लागली. मुलींनी तिचं नाव 'धप्प' ठेवलं आणि तिनं मैदानावर जाणंच सोडलं. डॉक्टरांनी तिच्या पावलांची उंच कमान पाहिली, तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं : तीन परदेशी वैद्यांची नावं एकापुढे एक, वकिलांच्या एखाद्या पेढीसारखी. मज्जातंतूंचा, दुर्मीळ, आनुवंशिक. "घरात आणखी कुणाला आहे?" मी ठामपणे म्हटलं, "छे हो, कुणालाच नाही!" आणि उठले, तर माझी डावी चप्पल खुर्चीखालीच राहिली. डॉक्टरांनी त्या चपलेकडे पाहिलं आणि मंद हसून म्हणाले, "तुमच्याही नसा तपासू या."

माझ्याही तपासणीत तेच निघालं. पुढचे कित्येक दिवस मोबाइलवर इंग्रजी पानं धुंडाळताना मला नुसती भीती वाटत होती. पोरीचं पुढं काय होणार, एवढीच. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ते लांबलचक नाव टाकलं. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग आली, माहिती शून्य. येणार कुठून? आमच्या घराण्यात तो आजार कधी नव्हताच. ती चाल होती! शेवटी मी साध्या मराठीत विचारलं, "चालताना कुणाच्या चपला पायातून निसटतात का?"

तासाभरात ग्रुपला उधाण आलं. अंबरनाथची चुलत बहीण, जन्मभर चांभारालाच बोल लावत आलेले ठाण्याचे काका. आणि इस्रायलहून थेट फोन, पप्पांच्या धाकट्या बहिणीचा, फ्लोराआत्याचा. "अगं मेले, मला आधी विचारायचं नाही? मी किती वर्षं बुटात घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्या घालून बाजार हिंडतेय!" तिथं अशा रुग्णांचं एक मंडळच होतं. कोणता व्यायाम, कसले बूट, कुठली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत, सारं तिनं भरभरून सांगितलं. मी विचारलं, "पप्पांना का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं होतं गं. म्हणाला, आपटेकर आम्ही." आम्ही दोघी हसलो.

आश्विनातल्या एका सोनेरी संध्याकाळी मी प्रार्थनेच्या मलिद्यासाठी पोहे भिजवत होते, खोबऱ्याचा गोड वास घरभर पसरला होता, आणि नेओमी आपल्या नव्या जांभळ्या पट्ट्या व्हिडिओवर आत्याला दाखवत होती. "थांब, आता माझी चाल बघ," म्हणत आत्यानं फोन ओट्यावर टेकवला आणि अनवाणी पायांनी स्वयंपाकघरात फेरी मारली. फट्, फट्, फट्. माझे हात परातीतच थांबले. पप्पा जिना चढत होते.

"आई, ही तर माझ्यासारखीच चालते!" नेओमी आनंदानं ओरडली. एवढा आनंद त्या पोरीच्या आवाजात मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मग जरा चाचरत तिनं फोनमध्ये विचारलं, "उद्या मी मैदानावर गेले आणि त्या परत 'धप्प' म्हणाल्या, तर?"

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून अगदी पप्पांच्या ऐटीत उत्तर आलं, "सांग त्यांना, आपटेकरांची नात आहे, आपटणारच!"

आडनावानं नेओमी आपटेकर नाही. तरीही ते वाक्य तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि घरभर चालू लागली. वाक्य तेच होतं; या खेपेला पायात पट्ट्या होत्या. मी खालच्या शेजाऱ्यांचा विचार केला, आणि तिला थांबवलं नाही.