‘येतो’चं बटण

सुताराने भाचीला हाताशी धरून करवतीचं मशीन गिळलं, ही बातमी न्हाव्याच्या खुर्चीत जन्मली आणि एका माणसाची दाढी होईपर्यंत चांगली बाळसेदार झाली. सुतार तेव्हा लेकीच्या घरी खिडक्या बसवायला गेला होता. त्यामुळे बातमीला अडवणारं कुणी नव्हतं.

हा माणूस कानावर पेन्सिल ठेवून कारखानाभर पेन्सिल शोधायचा. घरी निघाला की दोनदा परत यायचा, एकदा चष्म्यासाठी आणि एकदा डब्याच्या झाकणासाठी. त्याची बायको म्हणे, “लग्नातसुद्धा हे मांडवातून दोनदा परत गेले.” खरंखोटं तीच जाणे.

पत्र्याच्या लांबट कारखान्यात भागीदार चार: सुतार, चौकटवाला, खुर्चीवाला आणि खेळणीवाली. करवतीचं मशीन मात्र एकच. किल्ली खिळ्याला, आणि रोज सकाळी त्या खिळ्यापाशी भांडण. शेवटी सुताराची भाची, जी कंप्युटरवर काम करायची, म्हणाली, “मामा, किल्लीच काढून टाकू.”

तिने समजावलं ते असं. प्रत्येक नोंद चौघांच्या फोनात एकाच वेळी होणार. प्रत्येक नोंदीवर आधीच्या नोंदीचा ठसा. मधलं काही गुपचूप बदललं तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि बाकीचे फोन ती लबाडी नाकारतात. याला म्हणतात ब्लॉकचेन. सुतार म्हणाला, म्हणजे सांध्यात सांधा. मधली फळी ओढली की सगळं कपाट बोंबलणार. भाची म्हणाली, तसंच. आणि त्या साखळीवर लिहिलेला करार स्वतःच स्वतःला पाळतो, तो स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. अट पुरी झाली की काम होतं. तिथे ओळख चालत नाही, रडणं चालत नाही, मामा असणं तर मुळीच चालत नाही.

अटी दोन होत्या. ‘येतो’ दाबलं की मशीन त्या माणसाचं, ‘जातो’ दाबलं की सगळ्यांना मोकळं. दुसरी अशी, की तिघांनी चौथ्याविरुद्ध ‘हो’ दाबलं तर चौथ्याला दार कायमचं बंद. ही दुसरी अट चौकटवाल्याच्या आग्रहाची. त्याला नियम फार आवडत, दुसऱ्यांसाठी.

पहिल्याच दिवशी सुताराने दिवसभर फळ्या कापल्या आणि संध्याकाळी तो लेकीकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून मशीन कुणाचंच ऐकेना. फोन दाखवत होता: मशीन सुताराकडे. त्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, मी रीतसर बटण दाबून निघालोय. साखळीत ‘जातो’ कुठेच नव्हतं. भाचीला सांगितलं, तूच मोकळं कर. ती म्हणाली, माझ्या हातात काही ठेवलंच नाही, त्याचसाठी तर हे केलं. झालं, न्हाव्याला एवढं पुरलं.

सुतार परतला तोवर चौकटवाल्याचं आणि खुर्चीवाल्याचं ‘हो’ दाबून झालं होतं. उरली खेळणीवाली. तिची लाकडी हत्तींची मागणी अडली होती आणि पाय नसलेले हत्ती टेबलावर पडून होते. तिचा अंगठा पडला असता तर सुताराचा कारखाना सुटला असता, आणि पडलेला अंगठा परत घ्यायची सोय नव्हती.

तिघांनी त्याला खोटारडा म्हटलं नाही. तसं नुसतं पाहिलं. सुताराने रंधा फडक्यात गुंडाळला, पटाशी उचलली आणि दारात थांबून म्हणाला, “बरं, येतो मग.”

खेळणीवालीचा अंगठा वरच राहिला. “काका, तुम्ही तर कायमचे निघालात. मग येतो कसलं?”

“मग काय जातो म्हणू? निघताना जातो कोण म्हणतं, बाई?”

तिने फोन टेबलावर हत्तींशेजारी ठेवला. मग तिने विचारलं, “त्या दिवशी निघताना कुठलं बटण दाबलंत?”

“निघतानाचं. येतो.”

खुर्चीवाल्याला खोकला आला. भाचीलाही बोलावून घेतलं होतंच; तिने साखळी उघडली. सकाळी एक ‘येतो’ आणि संध्याकाळी आणखी एक. यंत्राला वाटलं, माणूस फारच आलाय. ती दोन्ही बटणं तिनेच लिहिली होती; ती स्वतः घरातून निघताना आयुष्यात कधी ‘जाते’ म्हणाली नव्हती.

मशीन सोडायला सुताराचंच ‘जातो’ लागणार होतं. त्याने बरीच टाळाटाळ केली, शेवटी डोळे मिटून बटण दाबलं आणि लगेच तोंडाने मोठ्यांदा “येतो” म्हणून टाकलं. करवत फिरली. हत्तींना पाय मिळाले.

जुना करार खोडता येत नव्हता. चौघांच्या अंगठ्यांनी त्याच्या पुढे नवा जोडला. त्यात बटणं आहेत ‘घेतलं’ आणि ‘सोडलं’. मागची दोन ‘हो’ मात्र साखळीत तशीच आहेत. चौकटवाला आता सुताराला चहा पाजतो. सुतार पितो आणि पेन्सिल शोधायला लागतो.

मशीन त्याने गिळलं नव्हतं. भाचीने त्याला काही लिहून दिलं नव्हतं. निघताना त्याने ‘येतो’ दाबलं होतं.