दुखत नाही म्हणणारा माणूस

आमचे हे फरश्या बसवतात. वीस वर्षं उकिडवं बसून काम. मुकादमाची एक खोड, सकाळी माणसं बसताना-उठताना बघत उभा राहायचा. जो कण्हला, तो घरी. म्हणून ह्यांना कधीही विचारा, दुखतंय का? की "छे!" त्या मेल्या 'छे'नं माझा जीव खाल्लाय.

सहा महिन्यांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं. फोटोत मणक्यातली गादी सरकलेली दिसली, ती काढली. पंधरा दिवसांत चालाल, डॉक्टर म्हणाले. चालतात कसले! जांघेतली, मांडीतली कळ होती तशीच. आता दुसरं ऑपरेशन, मणक्यात स्क्रू बसवायचे. हे कायमचे अंथरुणाला खिळले तर? कुणाचा फोन वाजला तरी धस्स व्हायचं.

ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या दिवशी नव्या डॉक्टरीणबाई होत्या. पाय हलवून बघता बघता त्यांनी विचारलं, "आज काही औषध घेतलंय?"

"छे!" हे म्हणाले.

"छे काय छे! दुखणं थांबायच्या दोन गोळ्या दिल्यात मी," मी म्हणाले. "तपासायला येताना देतेच. नाहीतर टेबलावर चढणार कसे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधीच्या तपासण्यांनाही?"

"प्रत्येक वेळी."

"आज सही नको. उद्या गोळी न घेता या."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ह्यांचा गुडघा वाकवून पाय जरासा आत वळवला. हे असे ओरडले, की बाहेर बसलेली माणसं दारात आली. एक्स-रे निघाला. खुब्याचा सांधा झिजून गेलेला! गादी सरकली होती हे खरं, बाई म्हणाल्या, पण कळ बहुतेक तिची नव्हतीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आणि डॉक्टरांना पखालीकडे पाठवलं कुणी? आम्ही दोघांनी, ह्यांच्या 'छे'नं आणि माझ्या गोळ्यांनी.

"चुकलं हो माझं," मी म्हणाले. रडू आवरेना.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईंना विचारलं, "म्हणजे आता खुबा कापणार?"

"बदलावा लागेल बहुतेक."

"आणि तरी नाही थांबलं तर?"

बाईंनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. ह्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "मला भीती वाटते गं," हे म्हणाले.

काही होत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खोटं तोंडातून निघेना. "मलाही," मी म्हणाले.