बिरदेवची चौथी वाघर

म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशीनवर ठेवण्याआधी बिरदेव तो आपल्याच शर्टाला पुसायचा. फोटो काढताना "हसू नका" म्हणायचा, ते अशा तऱ्हेनं की माणूस हसायचाच. उधारीचं पेन कानावर, स्वतःचं खिशात. कॉम्प्युटर कधी बंद करायचा नाही. "झोपू दे त्याला," म्हणायचा.

आटपाडीत एसटी स्टँडमागं त्याचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान होतं. कॉम्प्युटरचा पडदा एकच, पण त्यात त्यानं वेगवेगळे डेस्कटॉप केले होते; एक सरकवला की दुसरा दिसायचा. घर पिढीजात मेंढरांचं. मेंढरांभोवती रात्री जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. बिरदेव डेस्कटॉपलाही वाघरच म्हणायचा. पहिलीत आजची गिऱ्हाइकं, दुसरीत लग्नपत्रिका, तिसरीत कागदाविना अडकलेले अर्ज. कागद आला की ती खिडकी उचलून पहिलीत.

"सगळं एकाच ठिकाणी ठेव की," उत्कर्षा एकदा म्हणाली होती. शाळेपासूनची त्याची मैत्रीण. तिनं मराठीत एम.ए. केलं, तो बारावीनंतर दुकानात बसला.

"मेंढरं मिसळल्यावर कुणाचं कुठलं, कळतंय व्हय? तुमा पुस्तकवाल्यांना काय सांगायचं!"

"मग तूही हो पुस्तकवाला. बी.ए. कर."

"आमच्या मंगलचं शिक्षण होऊ दे आदी."

सोमवारी दिघंचीच्या रस्त्यावर टेम्पोनं त्याच्या गाडीला उडवलं. श्रद्धांजलीच्या फलकाला त्याचा फोटो मिळेना. गावाचे फोटो काढणारा तो. शेवटी कुणाच्या तरी वरातीतून त्याचा चेहरा कापून घेतला. शेजारच्याचा हात खांद्यावर तसाच राहिला.

गुरुवारी उत्कर्षा त्याच्या खुर्चीत बसली. धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या नर्सिंगच्या अर्जाची मुदत पाच वाजता संपत होती. "भरलाय, शेवटचं बटन तेवढं राहिलंय," असं तो मंगलला रविवारी म्हणाला होता.

कॉम्प्युटर जागा झाला. तिन्ही वाघरी तिनं दोनदा पाहिल्या. अर्ज नव्हता. साडेचार वाजले.

"इसरला आसंल," मंगल म्हणाली. "सगळ्या गावाचं भरलं, आन् माझंच..."

दारात त्याचे वडील बिराप्पा बसले होते.

"काय बगतीस, पोरी?"

उत्कर्षानं त्यांना तीन वाघरींचं सांगितलं. ते उठून पडद्याजवळ आले.

"कवळं कोकरू वाघरीत ठेवत न्हाईत. तुडवलं जातंय. ते आपल्या उशाला ठेवायचं. कडंला आनिक एक आसंल, बग."

तिनं पडदा आणखी एकदा सरकवला. चौथी होती.

मंगलचा अर्ज तिथं होता. पुरा भरलेला. मंगलच्या मोबाइलवर ओटीपी आला, तिनं आकडे वाचले, उत्कर्षानं बटण दाबलं. पावती निघाली. मंगल ती छातीशी धरून वडिलांपाशी जाऊन बसली.

उत्कर्षानं खिडकी बंद केली. तिच्या मागं आणखी एक उघडी होती. मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अर्ज. नाव, बिरदेव बिराप्पा. विषय, मराठी. पत्ता, जन्मतारीख, बारावीचे गुण, सगळं भरलेलं.

फोटोची चौकट तेवढी रिकामी होती.